चलांचे प्रकार ओळखताना आधी ओळ वाचा, मग स्तंभ

ओळस्तंभ (धागाकर्ता)

पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक प्रश्न ठरलेला असतो: 'खालील चलांचे प्रकार लिहा.' चल म्हणजे माणसागणिक किंवा वस्तूगणिक बदलणारी, नोंदवता येणारी गोष्ट: वजन, रक्तगट, भावंडांची संख्या, परीक्षेतली श्रेणी. मुलं संतत (मधली कोणतीही किंमत शक्य), नामिक (नुसती नावं), खंडित (सुट्या किमती), क्रमिक (क्रम असलेले गट) असं पटापट लिहितात आणि गुणही मिळतात. अडतं ते खरा डेटा समोर आल्यावर. तिथे स्तंभाच्या डोक्यावर नुसतं 'क्षेत्र' किंवा 'दर' लिहिलेलं असतं, खाली आकडे असतात. मग आकडे आहेत म्हणजे संख्यात्मक असं धरून सरासरी काढून टाकली जाते.

सरावासाठी एक छोटी सारणी देतोय. आकडे बनवलेले आहेत, पण पुण्यात भाड्याच्या घरांची यादी साधारण अशीच दिसते.

सदनिका | पिनकोड | प्रकार | मजला | कार्पेट (चौ. फूट) | भाडं (रु.) | फर्निचर | ताबा वर्ष
अ-३०४ | ४११०३८ | २ बीएचके | ३ | ६४० | २६,००० | अर्धवट | २०१२
ब-११०२ | ४११०३८ | २.५ बीएचके | ११ | ८१५ | ३५,००० | पूर्ण | २०१९
क-००२ | ४११०३० | १ आरके | ० | २९० | १२,००० | नाही | १९९४

स्तंभांकडे वळण्याआधी एकच विचारा: एक ओळ म्हणजे एक काय? एक सदनिका, की एक जाहिरात? एकच घर दोन एजंटांनी टाकलं असेल तर ते दोन ओळींत येईल, आणि 'पुण्यात किती घरं भाड्याने आहेत' याचं उत्तर फुगेल. दुसरं, 'भाडं' म्हणजे मागितलेलं, की करारनाम्यावर ठरलेलं? प्रकार दोन्हींचा संख्यात्मकच. पण मागितलेल्या भाड्यावरून 'पुणेकर इतकं भाडं देतात' असं लिहिलं तर ते वाक्य चुकीचं होतं. कोणाची माहिती, काय मोजलं, कोणत्या एककात, कधी, कुठे, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने, हा सगळा संदर्भ. तो हाती नसताना चलाचा प्रकार लिहिणं अर्धंच काम आहे.

आता स्तंभ. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. यातल्या किमती क्रमाने लावता येतात का? दोन किमतींची वजाबाकी केली तर तिला काही अर्थ आहे का? एक किंमत दुसरीच्या दुप्पट आहे असं म्हणता येतं का? एकालाही 'हो' नसेल तर नामिक. फक्त पहिल्याला 'हो' असेल तर क्रमिक. पहिल्या दोघांना असेल तर अंतर मोजपट्टी, तिन्हींना असेल तर गुणोत्तर मोजपट्टी. ही चार पायऱ्यांची मांडणी हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली केली. अजूनही पहिल्या धड्यात तीच शिकवतात.

सदनिका क्रमांक ही नुसती ओळख आहे, विश्लेषणाचा चल नाही. त्यातून दुसरा चल काढता येतो हे मात्र लक्षात ठेवा. ३०४ मधला ३ म्हणजे मजला.

पिनकोडमध्ये सहा अंक असले तरी तो नामिक आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरण जिल्हा (४११ म्हणजे पुणे), शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ४११०३८ मधून ४११०३० वजा केले तर ८ येतात, पण ते आठ कशाचेच नाहीत. गट पाडायला पिनकोड उत्तम, सरासरीला निरुपयोगी.

कार्पेट आणि भाडं संख्यात्मक, गुणोत्तर मोजपट्टीवर. कार्पेट संतत. भाडं काटेकोरपणे खंडित म्हणावं लागेल, कारण रुपयाखाली कोणी ठरवत नाही आणि बहुतेक आकडे पाचशेच्या पटीत असतात. पण इतक्या वेगवेगळ्या किमती येतात की आयतालेख (हिस्टोग्राम) काढताना तो संतत मानणंच सोयीचं. फर्निचर (नाही, अर्धवट, पूर्ण) क्रमिक.

प्रकार, मजला आणि ताबा वर्ष हे तीन मुद्दाम सोडतोय. चर्चा इथेच होऊ दे.

प्रथमवर्ष_कोथरूड

सर, बीएचके मला क्रमिक वाटतो. पण आमच्या वर्गात अर्ध्या जणांनी खंडित लिहिलं. २.५ आल्यावर खंडित राहतच नाही ना?

मोजपट्टी

@प्रथमवर्ष, खंडित म्हणजे पूर्णांक असा समज खूप पसरलेला आहे, तो आधी काढून टाका. खंडित म्हणजे ज्याच्या शक्य किमती सुट्यासुट्या आहेत, एकीतून दुसरीत जाताना मधल्या किमती येत नाहीत. बुटांचा माप ७, ७.५, ८ असा असतो आणि तो खंडितच आहे. त्यामुळे २.५ मुळे काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. १ आरके ला कोणता आकडा द्यायचा? ० दिला तर बेडरूम शून्य हे खरं, पण स्वयंपाकघर आणि खोली आहेच. २.५ मधला अर्धा म्हणजे नेमकं काय? कुठे अभ्यासिका, कुठे बंद केलेली बाल्कनी, कुठे नोकरांची खोली. १ वरून २ ला जाताना जे वाढतं ते २ वरून २.५ ला जाताना वाढतं त्याच्या दुप्पट, असं कोणी म्हणणार नाही. वजाबाकीला अर्थ उरत नाही म्हणून 'प्रकार' हा स्तंभ क्रमिक. त्याऐवजी बेडरूमची संख्या असा वेगळा स्तंभ केला, तर तो खंडित संख्यात्मक. एकाच घराबद्दलचे हे दोन वेगळे चल आहेत.

मजल्याचंही तसंच. तळमजला ०, पहिला १, दुसरा २. दोन मजल्यांमधलं अंतर साधारण सारखं असतं, त्यामुळे वजाबाकीला अर्थ आहे. लिफ्टला किती वेळ लागतो किंवा पाण्याचा दाब किती मिळतो हा प्रश्न असेल तर खंडित संख्यात्मक धरा. मात्र ज्या इमारतींत खाली स्टिल्ट पार्किंग किंवा दोन-तीन मजल्यांचं पोडियम असतं तिथे 'पहिला मजला' जमिनीपासून किती वर हे इमारतीगणिक बदलतं. असे वेगवेगळे प्रकल्प एका सारणीत आले की मजला हा क्रमिक म्हणूनच सुरक्षित, तोही एकाच इमारतीपुरता.

ओळस्तंभ

अगदी बरोबर. आता ताबा वर्ष. इथे मुलं २०१२ ला संख्यात्मक म्हणतात, ते ठीक. पण 'दुप्पट' चालतं का? आपल्याकडे याची तपासणी सोपी आहे. इ.स. १००० आणि इ.स. २००० घ्या. गुढीपाडव्यानंतरचा शालिवाहन शक म्हणजे इसवी सनातून ७८ वजा, म्हणून शके ९२२ आणि शके १९२२. वजाबाकी दोन्हीकडे १०००. गुणोत्तर मात्र एकीकडे २ आणि दुसरीकडे २.०८. शून्य कुठे ठेवायचं हे माणसांनी ठरवलं की गुणोत्तराला अर्थ राहत नाही, वजाबाकीला राहतो. म्हणून वर्ष अंतर मोजपट्टीवर. त्याच स्तंभातून 'इमारतीचं वय' काढलंत की ते गुणोत्तर मोजपट्टीवर येतं, कारण वय शून्य म्हणजे खरोखर शून्य. भाड्याशी संबंध पाहायचा असेल तर वयच वापरा.

तापमानाचं तेच. शिवाजीनगरला ४० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या दिवशी २० असेल तर फरक २० अंशांचा हे खरं, पण 'दुप्पट उष्ण' हे खोटं. केल्व्हिनमध्ये, जिथे शून्य खरोखर शून्य आहे, ते ३१३ आणि २९३ होतात.

गुलटेकडीकर

संदर्भाबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. मार्केट यार्डाचा रोजचा बाजारभाव प्रकल्पासाठी घेणारी मुलं बरीच असतात, त्यांच्यासाठी लिहितो. सारणीचे स्तंभ असे: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर.

शेतमाल नामिक, आवक आणि दर संख्यात्मक, इथवर सगळे पोचतात. चुका होतात त्या दोन स्तंभांत, ज्यांकडे कोणी पाहत नाही.

पहिला 'परिमाण'. कांदा-बटाट्यासमोर क्विंटल असतं, कोथिंबीर-मेथीसमोर नग, म्हणजे जुड्या. परिमाणाचा स्तंभ गाळून आवकेची बेरीज केली की क्विंटल आणि जुड्या एकत्र मिसळतात आणि कोथिंबिरीची आवक कांद्याच्या कितीतरी पट दिसायला लागते. परिमाण नामिक चल आहे, पण तो शेजारच्या चारही स्तंभांचं एकक सांगतो. आधी परिमाणानुसार ओळी वेगळ्या करा, मगच पुढचं.

दुसरा 'जात/प्रत'. यात कुठे लोकल, हायब्रीड असं असतं, कुठे लाल, पांढरा, कुठे नं. १, नं. २. म्हणजे एका स्तंभात दोन चल कोंबलेले आहेत. जात नामिक, प्रत क्रमिक. 'नं. १' वरचा आणि 'नं. २' खालचा हा क्रम आहे, पण लोकल आणि हायब्रीडमध्ये तो नाही. एक स्तंभ म्हणून त्याला कोणताही एक प्रकार लिहिलात तरी चूकच. दोन स्तंभ करा, जिथे माहिती नाही तिथे रिकामं ठेवा.

'सर्वसाधारण दर' म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांचा मध्य नव्हे. ज्या दराने माल जास्त गेला तो दर, म्हणजे बहुलकाच्या (सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या किमतीच्या) जातीची संख्या.

आणि इथे एक ओळ म्हणजे एका बाजारातला, एका दिवसाचा, एका मालाच्या एका प्रतीचा व्यवहार. दोन दिवसांची सरासरी काढताना हे विसरलं की गडबड होते. एका दिवशी १०० क्विंटल ३,००० रुपयांनी गेलं, दुसऱ्या दिवशी ९०० क्विंटल १,००० रुपयांनी. दोन ओळींची साधी सरासरी २,००० येते. शेतकऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात क्विंटलमागे १,२०० पडले. आवक वाढली की दर पडतो, त्यामुळे हा फरक एकाच दिशेने पडत जातो, इकडे-तिकडे होऊन मिटत नाही. आणि बाजार बंद असलेल्या दिवसाची ओळच नसते, तिथे आवक ० भरू नका.

मुठाकाठ

याच धर्तीवर धरणांचा साठा. पावसाळ्यात पुण्यात हा डेटा रोज सगळ्यांच्या फोनवर येतो, म्हणून शिकायला चांगला.

खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा उपयुक्त साठा: खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. एकूण २९.१५. समजा खडकवासला १०० टक्के भरलं आणि बाकी तिन्ही ४० टक्क्यांवर आहेत. चार टक्केवाऱ्यांची सरासरी ५५ टक्के. प्रत्यक्ष पाणी १.९७ अधिक २७.१८ चे ४० टक्के म्हणजे १२.८४ टीएमसी, जे एकूण क्षमतेच्या ४४ टक्के. खडकवासला लहान असल्याने लवकर भरतं आणि साधी सरासरी वर ओढतं. टक्केवारी संख्यात्मक आहे, शून्यालाही अर्थ आहे, तरी सरासरी फसते, कारण प्रत्येक टक्क्याचा पाया वेगळा. टक्केवारीचा स्तंभ दिसला की 'कशाचे टक्के' हा प्रश्न आधी.

दुसरं, टीएमसी आणि क्यूसेक एकाच आलेखावर टाकलेले दिसतात. टीएमसी हा साठा आहे, शंभर कोटी घनफूट. क्यूसेक हा वेग, सेकंदाला एक घनफूट. एकाला दुसऱ्यात बदलायचं तर मध्ये वेळ लागतो: ११,५७४ क्यूसेक पूर्ण २४ तास चालू राहिला तर १ टीएमसी पाणी जातं. 'विसर्ग ११,५७४' एवढीच नोंद असेल आणि तो किती तास होता हे नसेल, तर किती पाणी सोडलं हे त्यातून काढता येत नाही.

पावसाच्या आकड्यांना दिवसाचा संदर्भ लागतो. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. १५ जुलैच्या नावापुढे लिहिलेला पाऊस बहुतांश १४ जुलैला पडलेला असतो. विसर्गाची नोंद तारखेनुसार आणि पाऊस या पद्धतीने, असे दोन स्तंभ जोडले की कारण आणि परिणाम एक दिवस सरकतात. आणि 'पावसाचा दिवस आहे/नाही' हा गुणात्मक (आकड्यांऐवजी गटांत मांडलेला) चल पावसाच्या मिलिमीटरवरूनच बनतो: २.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर 'आहे'. २.४ आणि ० एकाच खणात पडतात.

मोजपट्टी

संख्यात्मक चल तोडून गट केले की माहिती गळते, आणि उलट दिशेने ती परत आणता येत नाही. म्हणून नोंदवताना नेहमी मूळ आकडा नोंदवा. 'वय १८–२५ / २६–४०' असे खण फॉर्ममध्ये देऊ नका, वय विचारा. गट नंतर पाडता येतात.

तोडण्याची रेषा कुठे मारली यावर निष्कर्ष उभे राहतात, याचं पुण्याशी जोडलेलं मोठं उदाहरण संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–१९९७) यांचं. एकाच माणसाचं उष्मांकांचं सेवन आणि गरज दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरी गरजेच्या खाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर खूप वाद झाला. पण वादाचा गाभा आपल्या विषयातला आहे: 'कुपोषित आहे/नाही' हा गुणात्मक चल ज्या संख्यात्मक चलातून काढला, तो एका दिवसाचा की अनेक दिवसांचा, एका माणसाचा की घराचा?

हवेच्या निर्देशांकाचंही पाहा. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, पुढे वाईट, अति वाईट, गंभीर. हे शब्द क्रमिक आहेत हे दिसतंच. पण खालचा आकडाही गुणोत्तर मोजपट्टीवर नाही. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) घनमीटरमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असताना निर्देशांक ५० पर्यंत चढतो. ६० वरून ९० वर गेला, म्हणजे तेवढेच ३० वाढले, की निर्देशांक १०० वरून २०० वर जातो. शिवाय रोजचा निर्देशांक म्हणजे सगळ्या प्रदूषकांच्या उपनिर्देशांकांतला सर्वांत मोठा. आज तो पीएम १० चा असेल, उद्या ओझोनचा. 'निर्देशांक दुप्पट म्हणजे हवा दुप्पट खराब' हे लिहू नका. सरासरी आणि तुलना करायची तर पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम घ्या.

सूरमापन

यात डेसिबलची भर घालतो, कारण गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजण्याचे प्रकल्प महाविद्यालयांत होतात. डेसिबल लघुगणकी मोजपट्टी आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. एका चौकात ६० आणि दुसऱ्यात ९० डेसिबल असेल तर साधी सरासरी ७५ येते. तीव्रतेची सरासरी काढून परत डेसिबलमध्ये आणली तर ८७. फरक मोठा आहे आणि नेहमी आवाज कमी दाखवणाऱ्या बाजूला आहे. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) मात्र चालतो, कारण त्याला फक्त क्रम लागतो (नोंदींची संख्या विषम असेल तर).

संदर्भही लिहा: निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. वेळेचा स्तंभ नसेल तर ५० डेसिबल मर्यादेत की बाहेर हे सांगताच येणार नाही.

आणि वेळेबद्दल: घड्याळातली वेळ वर्तुळाकार आहे. रात्री ११:३० आणि १२:३० या नोंदींची साधी सरासरी काढली तर दुपारचे १२ येतात. मिरवणुकीच्या डेटात हे हमखास घडतं. 'मिरवणूक सुरू झाल्यापासून मिनिटं' असा स्तंभ करा.

सेलओळ

संगणकावर भरताना काय बिघडतं ते सांगतो, कारण प्रकार कागदावर बरोबर लिहूनही पुढे इथे घोळ होतो.

एक्सेलमध्ये नव्या खणात आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. भाड्याच्या स्तंभात एखादा आकडा डावीकडे दिसला तर तो मजकूर आहे, बहुतेक वेळा '२६००० रु.' असं लिहिल्यामुळे. सरासरीचं सूत्र अशा खणांना न सांगता वगळतं. चूक दाखवत नाही, फक्त कमी नोंदींवर उत्तर देतं. तपासायला काउंट आणि काउंटए दोन्ही लावून पाहा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे खण. दोन्हींत फरक आला की शोधायला लागा.

वर्गांतर (५ ते १० असा गट) '5-10' असं टाइप केलं की एक्सेल त्याची ५ ऑक्टोबर (किंवा सेटिंगनुसार १० मे) ही तारीख करतं. स्तंभ आधी टेक्स्ट करून घ्या. नंतर केलात तर तारखेचा क्रमांक उरतो, मूळ परत येत नाही. शून्याने सुरू होणारे हजेरी क्रमांकही असेच शून्य गमावतात.

पायथनच्या पांडासमध्ये पिनकोडच्या स्तंभात एक जरी खण रिकामा असेल तरी सगळा स्तंभ दशांशात जातो आणि ४११०३८.० दिसू लागतो. वाचतानाच त्याला मजकूर म्हणून वाचायला सांगा.

आर वापरणाऱ्यांनी फॅक्टरला (गटांचा स्तंभ ठेवण्याच्या प्रकाराला) थेट संख्येत बदलू नये. मजकूर म्हणून आलेल्या १०, २०, ५ चा फॅक्टर केला तर पातळ्या अक्षरक्रमाने लागतात: १०, २०, ५. संख्येत बदलल्यावर हाती १, २, ३ येतात, म्हणजे ५ चा ३ झाला. आधी मजकूर करा, मग संख्या.

अक्षरक्रमाची हीच अडचण मराठीत क्रमिक चलाला येते. कमी, मध्यम, जास्त या पातळ्या संगणक कमी, जास्त, मध्यम अशा लावतो. आलेखात 'जास्त' मध्ये येतो आणि कल उलटसुलट दिसतो. क्रम हाताने सांगावा लागतो.

आणि नामिक चलात शुद्धलेखन. 'कोथरूड' आणि 'कोथरुड' हे संगणकाला दोन वेगळे भाग. शेवटी चुकून स्पेस राहिली तर तिसरा. पहिलं काम म्हणून प्रत्येक गुणात्मक स्तंभाची वारंवारता सारणी (कोणती किंमत किती वेळा आली याची यादी) काढा, असे जुळे लगेच दिसतात.

गहाळ माहितीला ९९ लिहिण्याची जुनी सवय सोडा. वय १८, १९, १८, २० आणि ९९: सरासरी ३४.८. खरी १८.७५. खण रिकामा ठेवा आणि का रिकामा आहे ते शेजारी वेगळ्या स्तंभात लिहा.

प्रथमवर्ष_कोथरूड

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. दोन शंका. वय संतत की खंडित? आणि मेसच्या जेवणाबद्दल आम्ही १ ते ५ मध्ये समाधान विचारलं होतं, त्याची सरासरी चालेल का?

ओळस्तंभ

वय संतत, नोंद खंडित. जनगणनेत पूर्ण झालेली वर्षं विचारतात. म्हणजे '२०' लिहिलेला माणूस २० ते २१ च्या मध्ये कुठेही असतो आणि गटाचा मध्य २०.५ धरावा लागतो. उंची १६५ सेमी लिहिली असेल तर ती जवळच्या पूर्णांकात आणलेली, म्हणून १६४.५ ते १६५.५, मध्य १६५. सारणीत दोन्ही पूर्णांकच दिसतात, पण वर्गसीमा वेगळ्या. हे विसरलं की वयाची सरासरी साधारण अर्ध्या वर्षाने कमी येते. मोठ्यांच्या वयात ० आणि ५ वर संपणारे आकडे जास्त दिसतात का तेही पाहा. दिसले तर अंदाजाने सांगितलेली वयं आहेत.

समाधान क्रमिक. १ आणि २ मधलं अंतर ४ आणि ५ मधल्याइतकंच आहे हे कोणी मोजलेलं नाही. दहा जणांनी सगळ्यांनी ३ दिले तरी सरासरी ३, पाच जणांनी १ आणि पाच जणांनी ५ दिले तरी ३. पहिल्या मेसमध्ये जेवण बरं आहे, दुसरीत दोन गट पडलेत.

मोजपट्टी

एवढ्यापुरतं थोडं वेगळं मत. एकाच विषयावरचे दहा-बारा प्रश्न विचारून त्यांची बेरीज घेतली तर ती संख्यात्मक मानून सरासरी काढणं व्यवहारात मान्य आहे आणि उपयोगीही. एकट्या प्रश्नाला मात्र नको.

ओळस्तंभ

बेरजेला हरकत नाही, प्रश्न खरोखर एकाच गोष्टीबद्दल असतील तर. चव, स्वच्छता आणि दर एकत्र मिळवून 'समाधान ३.४' लिहिण्याला आहे. @प्रथमवर्ष, तुमचा एकच प्रश्न आहे, तर पाच स्तंभांचा स्तंभालेख द्या आणि मध्यक लिहा.

प्रथमवर्ष_कोथरूड

शेवटचं. आमचा पुढचा प्रकल्प पीएमपीच्या थांब्यावरचा आहे. मार्ग क्रमांक, बस आल्याची वेळ, दोन बसमधलं अंतर (मिनिटं), गर्दी (कमी/मध्यम/जास्त), प्रवाशाला किती थांबावं लागलं. प्रकार: नामिक, संतत, संतत, क्रमिक, संतत. बरोबर?

मुठाकाठ

प्रकार बरोबर, फक्त 'बस आल्याची वेळ' अंतर मोजपट्टीवर आणि बाकी दोन गुणोत्तर मोजपट्टीवर असं जोडा. मार्ग क्रमांक मजकूर म्हणून भरा.

पण ओळ तपासा. पहिले चार स्तंभ बसचे आहेत, पाचवा प्रवाशाचा. एका सारणीत दोन प्रकारच्या ओळी येऊ शकत नाहीत. एका बसमागे तीस प्रवासी असतील तर बसची माहिती तीसदा लिहिली जाईल आणि 'किती बस आल्या' हेच चुकेल. बसची एक सारणी, प्रवाशांची दुसरी, दोन्हींत बसचा क्रमांक सारखा.

उत्तरही बदलतं. समजा बस आलटून पालटून ५ आणि २५ मिनिटांच्या अंतराने येतात. बसच्या सारणीवरून सरासरी अंतर १५, म्हणून प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागत असेल असं वाटतं. पण केव्हाही थांब्यावर येणारा प्रवासी ३० पैकी २५ मिनिटांच्या मोठ्या खंडात सापडण्याचीच शक्यता जास्त. त्याचं सरासरी थांबणं (२५ + ६२५) भागिले ६०, म्हणजे १०.८ मिनिटं. १५ आणि १०.८ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, एक बसचा आहे, दुसरा माणसाचा.

'दोन बसमधलं अंतर' हा स्तंभ थांब्यावर भरूच नका. आल्याची वेळ तास-मिनिट-सेकंदात लिहा, अंतर घरी सूत्राने काढा. एखादी बस नोंदवायची राहिली तर वेळांवरून ते लक्षात येण्याची निदान शक्यता असते. हाताने लिहिलेल्या अंतरांत तीही नसते. आणि 'गर्दी जास्त' म्हणजे काय हे चौघांनी आधी ठरवून फॉर्मच्या वर लिहा: बसायला जागा रिकामी असेल तर कमी, सगळे बसलेले आणि काही उभे असतील तर मध्यम, दारात लोक असतील तर जास्त.